दारू पिऊन गाडी चालवणे आणि कायदा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात मोटार अपघात दाव्यांची वकिली करते. गटारी, धुळवड आणि एकतीस डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. "मॅडम, ड्रंक अँड ड्राइव्हची केस झालीय, आता काय करायचं?" दुसऱ्या प्रकारची माणसं वर्षभर येत राहतात. हातात एफआयआरची झेरॉक्स, पोस्टमार्टेम रिपोर्ट, सोबत अपघातात गेलेल्याचा भाऊ नाहीतर मेहुणा. "समोरचा प्यायलेला होता हे सगळ्यांनी पाहिलं, मग कागदावर कुठेच का नाही?" खाली दोन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न घेतले आहेत. माझा कल दुसऱ्यांच्या बाजूने आहे, तो उत्तरांत दिसेल.

किती प्यायलं की गुन्हा होतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली की गुन्हा झाला. तुम्ही शुद्धीत होता, नीट बोलत होता, गाडी सरळ चालली होती, याने फरक पडत नाही. गाडी चालवण्याचा प्रयत्न केला तरी हेच कलम लागतं.

मिलिग्रॅमने कुणाला काही कळत नाही, म्हणून पेगच्या भाषेत सांगते. साठ-पासष्ट किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी ३० मिलिचा एक स्मॉल घेतला तर प्रमाण पंचवीसच्या आसपास जातं. लार्ज घेतला तर पन्नासच्या जवळ, म्हणजे मर्यादा ओलांडली. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची एक बाटली? नव्वदच्या घरात. मर्यादेच्या तिप्पट. "मी हार्ड घेत नाही, फक्त बिअर" असं म्हणणारे पुष्कळ अशील मी पाहिलेत आणि त्यांच्या स्लिपवरचे आकडे सहसा तेच सांगतात. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूत तिचा आकडा आणखी वर जातो. वजन, जेवण, पिण्याचा वेग यांनी हे आकडे खालीवर होतात. म्हणून हा हिशोब करून "मला एक चालेल" असं ठरवू नका. प्यायचं असेल तर चावी घरी ठेवा.

लिंबूपाणी, कडक कॉफी, अंघोळ? याने उतरते ना?

नाही. अल्कोहोल काढण्याचं काम यकृत करतं आणि ते आपल्याच गतीने करतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. कॉफीने झोप उडते, रक्तातला आकडा हलत नाही. तरतरी आलेला प्यायलेला माणूस गाडी जास्त जोरात हाणतो, एवढंच होतं.

रात्री प्यायलो, झोपलो, सकाळी गाडी काढली. तरी केस होऊ शकते?

होऊ शकते. सत्तर किलोच्या माणसाने रात्री दहा ते एक या वेळात दोन क्वार्टर रिचवल्या तर सकाळी सात वाजता त्याच्या रक्तात शंभरच्या वर प्रमाण उरलेलं असू शकतं. तोंड धुतलेलं, इस्त्रीचे कपडे, चहा झालेला, आणि तरी तो मर्यादेच्या तिपटीवर. शाळेची व्हॅन, भाजीचा टेम्पो, कंपनीची बस सकाळीच निघते. आपल्याकडची बहुतेक तपासणी रात्रीची असते आणि ही माणसं तिच्यातून सुटतात. मला याची जास्त काळजी वाटते.

नाकाबंदीत थांबवलं तर नेमकं काय होतं?

तीन हात नाका, कापूरबावडी, येऊरच्या पायथ्याशी, पाम बीच रोडवर, वाशी खाडीपुलाच्या तोंडाशी, सणासुदीला कुठेही बॅरिकेड लागलेले दिसतील. गणवेशातला पोलीस काच खाली करायला सांगतो, दोन शब्द बोलतो, वास घेतो. संशय आला तर श्वासातलं अल्कोहोल मोजणारं यंत्र पुढे करतो. यंत्राला लावायची नळी नवी, पाकीट फोडून काढलेली असली पाहिजे. तसं नसेल तर नम्रपणे मागा, तो तुमचा हक्क आहे. फुंकल्यावर यंत्र आकडा दाखवतं आणि कागदाची छोटी पट्टी छापून देतं. तीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि प्रमाण असतं. सही करण्याआधी या चारही गोष्टी वाचा. पुढची सगळी केस त्या पट्टीवर उभी असते.

आकडा तीसच्या वर गेला तर कलम २०२ प्रमाणे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. मात्र अटकेनंतर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन मिळतो. त्यासाठी कुणाची ओळख काढायची गरज नाही. घरच्यांपैकी लायसन असलेला, न प्यायलेला माणूस बोलावून घ्या म्हणजे गाडीचा प्रश्न तिथेच मिटतो.

पोलिसांशी हुज्जत घालू नका, मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरू नका, आणि हात तर मुळीच लावू नका. दहा हजारांच्या केसची सरकारी कामात अडथळ्याची केस अशीच होते.

फुंकायला नकार दिला तर सुटेन का?

उलट अडकाल. कलम २०३ नुसार संशयाला कारण असेल तर नकार देणाऱ्याला अटक करता येते, आणि कलम २०५ प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वाचला जातो. रक्त देण्यालाही हेच लागू आहे.

खोकल्याचं औषध किंवा माउथवॉशमुळे यंत्र चुकीचं दाखवतं का?

काही मिनिटं दाखवू शकतं, कारण तोंडातच अल्कोहोल राहिलेलं असतं. साधारण पंधरा मिनिटांत ते जातं. खरंच औषध घेतलं असेल तर तसं सांगा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला सांगा, रक्ताची चाचणी मागा. खरं बोलणाऱ्याला याचा फायदा होतो. दोन लार्ज घेतलेल्याला होत नाही.

बाईची तपासणी कशी होते?

श्वासाची इतरांसारखीच. रक्त घ्यायचं असेल आणि फक्त पुरुष डॉक्टर हजर असतील तर दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावं असं कलम २०४ सांगतं.

दंड जागेवर भरून मोकळं होता येतं का? ई-चलान येईल का?

येत नाही. सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं हे गुन्हे तडजोडीने मिटतात. कलम १८५ त्या यादीत नाही. कोर्टातच जावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बहुतेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, पैसे भरतात आणि "मिटलं" म्हणून घरी जातात. हे वाहतुकीचं चलान नाही, फौजदारी गुन्ह्यातली शिक्षा आहे. पुढे एखाद्या अर्जात "तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का" असा रकाना आला की खरं उत्तर "हो" असतं. कुणी रस्त्यावरच पैसे घेऊन सोडतो म्हणाला तर तो लाच मागतो आहे. देणाराही गुन्हेगार ठरू शकतो.

लायसनचं काय?

कलम २०६ मधल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पोलीस लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. ठाण्याचं लायसन असून वाशीत पकडलं गेलात तरी सुटका नाही.

दंडाचे दहा हजार काही लोकांना एका रात्रीच्या बिलाइतके वाटतात. पण तीन महिने गाडीला हात लावायचा नाही म्हटलं की तेच लोक माझ्यासमोर गयावया करतात. कोणती शिक्षा लागू पडते ते त्यावरून कळतं. माझ्या मते निलंबन कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता, सुनावणीची एक संधी देऊन, पंधरा दिवसांत व्हायला हवं.

मी तर फक्त मागे बसलो होतो. माझ्यावर केस का?

कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. नुसतं शेजारी बसणं म्हणजे मदत असं मी मानत नाही, आणि कोर्टात तो मुद्दा जरूर मांडता येतो. पण मित्र झिंगलेला आहे हे दिसत असताना तुमचीच चावी त्याच्या हातात दिलीत, किंवा "अरे काही होत नाही, घोडबंदरला आता पोलीस नसतात" असं म्हणालात, तर मग बचाव कसला करायचा?

इन्शुरन्स कंपनी पैसे देते का?

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे बहुधा देत नाही. पॉलिसीत तशी अट असते, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने हेही स्पष्ट केलं की चाचणीचा अहवाल नसला तरी इतर परिस्थितीवरून नशा सिद्ध करता येते. तुम्ही ज्याला ठोकलंत त्याच्या कुटुंबाचा हक्क मात्र वेगळा आहे. दावा न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर गाडीमालकाकडून वसुलीची मुभा देतं. म्हणजे शेवटी घर, दुकान, जमीन यांवर येतं.

अपघातात माणूस गेला तर कोणतं कलम लागतं?

खरी लढाई इथे असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती दोनच वर्षं होती. आणि कलम १०५ आहे सदोष मनुष्यवधाचं. आपल्या कृत्याने मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असताना ते कृत्य केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं १०६(२) हे कलम संहितेत लिहिलेलं आहे, पण जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते अंमलात आणलेलं नाही. त्या आंदोलनात नवी मुंबईचे रस्तेही अडले होते, वाचकांना आठवत असेल.

प्यायलेल्या चालकाला १०५ लावायचं की १०६? याचं उत्तर वांद्र्याच्या कार्टर रोड प्रकरणात मिळतं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक कार चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. २००७ मध्ये खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने कैद दिली. लोक खवळले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्या केसमध्ये चालकाच्या रक्ताचा अहवाल होता, ०.११२ टक्के, म्हणजे आजच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सात जिवांना तीन वर्षं हे मला आजही कमीच वाटतं. पण तो अहवाल फाइलमध्ये नसता तर सरकारी पक्षाचं काम किती अवघड झालं असतं, याचा विचार करा. आज घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या बॅरिकेडमागे रात्रभर मजूर काम करतात, सिग्नलच्या कडेला कुटुंबं झोपतात. त्यांच्या जिवाची किंमत रक्ताच्या एका कुपीवर ठरू नये, पण ठरते.

रक्त उशिरा घेतलं तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. तासाला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने नव्वदवर असलेला चालक चार तासांत तीसवर येतो आणि सहा तासांत कोरा होतो. अपघातानंतर पळून जाणं अनेकांना फायद्याचं वाटतं ते यामुळेच. ७ जुलै २०२४ रोजी वरळीत दुचाकीवरच्या दांपत्याला बीएमडब्ल्यूने उडवलं, पत्नीचा जीव गेला. आरोपी सापडला तो दोन दिवसांनी. तेव्हा घेतलेल्या रक्तातून काय हाती लागणार? त्याआधी १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. नमुना बदलण्याचा आरोप होण्याइतका तो नमुना मोलाचा असतो.

नमुना योग्य पद्धतीने घेणं हेही एक शास्त्र आहे. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, कारण बचाव पक्ष लगेच म्हणतो की अल्कोहोल बोळ्यातलं होतं. रक्त साध्या कुपीत ठेवायचं नाही. सोडियम फ्लोराइड घातलेली कुपी लागते, नाहीतर आंबण्याच्या क्रियेने साठवणीत अल्कोहोल तयार होऊ शकतं. लाखेचं सील, त्यावर सही, घेतल्याची वेळ, मग कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात प्रत्येक हाताची नोंद. यातली एक कडी तुटली की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. तो त्याचं कामच करत असतो. ज्या फाइलींवर मी डोकं धरून बसले आहे, त्यांतल्या कितीतरींमध्ये नमुना घेतल्याची वेळच लिहिलेली नाही.

सरकारी आकडेवारीत तर दारूमुळे फारच थोडे बळी दिसतात. मग एवढा गवगवा का?

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्यातले जेमतेम अडीच टक्के मृत्यू दारू आणि अमली पदार्थांच्या नावावर आहेत, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास अतिवेगाच्या. रात्री दीड वाजता पाम बीचवर दुभाजकावर चढलेली गाडी अतिवेगात होतीच, पण चालक कशामुळे त्या वेगात होता हे चाचणी झाली तरच कळतं. चाचणी झाली नाही की कारणाच्या रकान्यात "अतिवेग" लिहून विषय संपतो. त्या अडीच टक्क्यांवर माझा विश्वास नाही.

शिक्षा आणखी कडक केली की लोक सुधारतील ना? दहा वर्षं द्या, गाडी जप्त करा!

हा सूर मी प्रत्येक मोठ्या अपघातानंतर ऐकते, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्यांच्याशी वाद घालवत नाही. पण उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर नाही, तेवढ्याने होणार नाही. २०१९ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला. बारमधून निघताना चावी फिरवणारा माणूस दंडाच्या रकमेचा विचारच करत नाही. "आज मला कोण पकडणार" एवढाच त्याचा विचार असतो, आणि वर्षातल्या बहुतेक रात्री त्याचा अंदाज बरोबर ठरतो.

कागदावर आपला कायदा कडकच आहे. इंग्लंडमध्ये मर्यादा ८० आहे, जर्मनीत ५०, आपल्याकडे ३०. फरक तपासणीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ मध्ये सरसकट श्वास तपासणी सुरू केली. संशय असो वा नसो, कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वेळी, थांबवलेला प्रत्येक जण फुंकणार. रस्त्यावरचे मृत्यू लक्षणीय घटले आणि दारू पिऊन गाडी चालवणं लाजिरवाणं ठरलं. तिथे माणसं बदलली नव्हती, पकडलं जाण्याची खात्री बदलली होती. आपल्याकडे एकतीस डिसेंबरला पोलीस रात्रभर थंडीत उभे राहतात, त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण चार जानेवारीच्या मंगळवारी, पावसाळ्यातल्या बुधवारी, सकाळी सातला कोण उभं असतं?

मग कायद्यात नेमकं काय बदलावं?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अपघातानंतरच्या चाचणीची. आज कलम २०३(२) प्रमाणे अपघात झाला तरी पोलिसाला "संशयाला वाजवी कारण" असेल तरच चालकाची तपासणी "करता येते". हा मोकळा शब्द काढून टाका. कुणी जखमी झालं किंवा मेलं असेल अशा प्रत्येक अपघातात, सामील असलेल्या प्रत्येक चालकाची श्वास आणि रक्त चाचणी दोन तासांत झालीच पाहिजे, आणि झाली नाही तर का नाही हे तपास अधिकाऱ्याने लेखी द्यावं. यात श्रीमंताची गाडी आणि डिलिव्हरीवाल्या पोराची बाइक असा भेद उरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली अटकेतल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी, रक्तासह, करून घेण्याचा अधिकार पोलिसांना आजही आहे. तो वापरणं त्यांच्या मर्जीवर राहू नये.

दुसरी गोष्ट सरसकट तपासणीची परवानगी. सध्याच्या कायद्यात आधी संशय यायला हवा, आणि संशय कोणावर येतो? मळक्या शर्टातल्या रिक्षावाल्यावर पटकन, काळ्या एसयूव्हीतल्या साहेबांवर उशिरा. लोक मला विचारतात, सगळ्यांना फुंकायला लावलं तर चिरीमिरी वाढणार नाही का? मला उलट वाटतं. जिथे पोलीस निवडतो तिथे सौदा होतो. दर पाचवी गाडी थांबवायची, प्रत्येकाने फुंकायचं, प्रत्येक आकड्याची वेळेसह यंत्रात नोंद, अंगावर कॅमेरा, असं केलं तर सौद्याला जागा कमी राहते.

ट्रक, बस, शाळेची वाहनं आणि लायसन मिळून दोन-तीनच वर्षं झालेले तरुण यांच्यासाठी मर्यादा तीसवरून खाली आणावी. जागतिक आरोग्य संघटनाही नवशिक्या चालकांसाठी २० ची मर्यादा सुचवते. कळंबोलीहून निघालेला कंटेनर आणि माझी छोटी गाडी यांच्या चुकीचा परिणाम सारखा नसतो.

पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याच्या गाडीत फुंकल्याशिवाय सुरूच न होणारं यंत्र बसवावं. स्वीडनमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहे, आणि युरोपात नव्या गाड्यांना ते जोडण्याची सोय आता सक्तीची आहे. आणि एका कोर्टात झालेली शिक्षा लायसनच्या नोंदीवर त्याच आठवड्यात चढावी. ठाण्यात शिक्षा झालेला माणूस बेलापूरच्या कोर्टासमोर पहिलाच गुन्हा असल्यासारखा उभा राहताना मी पाहिला आहे. तसं असेल तर "दुसऱ्या गुन्ह्याची" शिक्षा पुस्तकातच राहते.

बारमालकांना जबाबदार का धरत नाहीत?

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडचे महामार्गालगतचे अनेक बार बंद झाले, मग जुलैमध्ये न्यायालयानेच महापालिका हद्दी त्यातून वगळल्या आणि पाट्या पुन्हा पेटल्या. अंतर मोजून हा प्रश्न सुटत नाही, गाडी असलेल्या माणसाला ५०० मीटर काय आणि पाच किलोमीटर काय. जपानमध्ये गाडी चालवणार हे माहीत असून दारू देणाऱ्यालाही शिक्षा होते. आपल्याकडे निदान एवढं करता येईल: पार्किंग असलेल्या प्रत्येक बारने चावी ठेवून घेण्याची आणि चालक किंवा टॅक्सी बोलावून देण्याची सोय परवान्याची अट म्हणून करावी. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ आहे, बिअरसाठी २१. दारात ओळखपत्र किती जण पाहतात हे वाचकांनीच आठवावं.

रात्री रिक्षा मिळत नाही, लोकल बंद. माणसाने घरी जायचं कसं?

तक्रार खरी आहे. मध्यरात्री ते पहाटे पाच रिक्षाला मीटरच्या सव्वापट भाडं अधिकृतच आहे, तरी हिरानंदानी इस्टेटहून कासारवडवलीला कुणी यायला तयार नसतो, आणि खारघरच्या आतल्या सेक्टरांत तर उभं राहायलाच नको. रेल्वे एकतीस डिसेंबरला जादा लोकल सोडते तशा शुक्रवार-शनिवारच्या रात्री टीएमटी आणि एनएमएमटीने घोडबंदर आणि पाम बीचच्या मार्गावर तासाला एक बस सोडली तरी मोठा फरक पडेल. पण सोय नाही म्हणून प्यायलेल्या माणसाने गाडी काढावी, हे मला कोणत्याच बाजूने पटत नाही. निघण्याआधी परतीचं ठरवा.

मुलगा सतराचा आहे, गाडी घेऊन गेला.

कलम १९९-अ. पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. आणि "ड्रायव्हर चालवत होता असं सांगू" हा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. पुरावा लपवणं आणि खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. मी असे खटले घेत नाही.

आमच्या माणसाला प्यायलेल्या चालकाने उडवलं. पहिल्या दिवशी आम्ही काय करायचं?

आधी जीव. १०८ किंवा ११२. मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्यामुळे कुणी "पोलिसांच्या लफड्यात नको" म्हणाला तर त्याला हे सांगा. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. रुग्णालयाच्या काउंटरवर त्याची आठवण करून द्यावी लागते.

घरातल्या एकाने रुग्णालयात थांबायचं, दुसऱ्याने लगेच पोलीस ठाण्यात जायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच रात्री. एका कागदावर साध्या मराठीत अर्ज लिहा: अमुक क्रमांकाच्या गाडीच्या चालकाची श्वास आणि रक्त चाचणी तातडीने करावी, आणि ती केव्हा केली ते आम्हाला कळवावं. त्यातच दुसरी विनंती घाला की चालक जिथे प्यायला असं कळलं आहे तिथलं बिल, यूपीआयचे व्यवहार आणि वाटेवरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचे आदेश द्यावेत. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून शक्य असेल तिथे स्वतः जाऊन चेअरमनला, दुकानदाराला हात जोडून सांगा. साक्षीदारांचे फोन नंबर घ्या. चालकाचा वास, बोलणं, चालणं याबद्दल त्यांनी काय पाहिलं ते जबाबात आलं आहे का ते बघा. चाचणी हुकली असेल तर पुढे हेच जबाब कामाला येतात.

भरपाईचा दावा कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेव्हा तेरावं झालं की वकिलाकडे या. गाडी सापडलीच नाही तर कलम १६१ खाली मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, त्याचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयामार्फत जातो. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती हक्काची आहे.

आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या त्या अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या. तिच्यावर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय तिथून उठू नका.